धुरक्याच्या दिवसांतले आकाश : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी उलटून ऊसतोड सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दर वर्षी पालटतो. नवरात्राच्या सुमारास वाचक अमुक एक ठळक तारा कोणता, असे विचारतात. पौष लागेपर्यंत तेच वाचक आकाशात काहीच का दिसत नाही, असे विचारू लागतात. कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली अशी पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे मोठी असल्यामुळे त्यांतला प्रश्न तेवढा संक्षेपाने दिला आहे.

प्रश्न : गणेशोत्सवानंतर मी सहा इंची परावर्ती दुर्बीण घेतली. ऑक्टोबरात गच्चीवरून देवयानी दीर्घिका पुसट डागासारखी का होईना, पण दिसली होती. डिसेंबरात त्याच गच्चीवरून, त्याच नेत्रिकेतून ती सापडतच नाही. आरसा बिघडला की जुळणी हलली? (राजारामपुरी)

उत्तर : आपली दुर्बीण बिघडली असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि ती शंका दहा मिनिटांत फिटते. डोक्यावरचा एखादा ठळक तारा मध्यभागी आणून मोठे वर्धन लावावे आणि तारा किंचित अस्पष्ट होईल इतपतच फोकसची चावी फिरवावी. एकात एक गोल कडी दिसली आणि मधली काळी सावली बरोबर मध्यावर असली, तर जुळणी ठीक आहे. मग पुनर्वसूतल्या दोन ठळक ताऱ्यांपैकी उत्तरेकडचा, म्हणजे कॅस्टर, शंभर पट वर्धनाने पाहावा. तो दोन ताऱ्यांत स्वच्छ विभागलेला दिसला, तर आरशाला दोष देण्याचे कारण उरत नाही.

बदलली आहे ती हवा. परतीच्या पावसाने धुतलेली ऑक्टोबरची हवा आणि डिसेंबरची हवा यांत मोठा फरक असतो. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वर तुलनेने उबदार हवेचे झाकण पडते. पंचगंगेच्या खोऱ्यात या झाकणाखाली पाचटाचा आणि गुऱ्हाळांचा धूर, शिरोली व गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचा धूर आणि रस्त्यांवरची धूळ साठत राहते. नदीची आणि पाणी पाजलेल्या उसाची दमट हवा त्यांत मिसळते. धुराचे बारीक कण ही ओल शोषून फुगतात, म्हणून संध्याकाळी बरे वाटणारे आकाश रात्री अकरानंतर पुष्कळदा दुधाळ होते.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या दरम्यान असते आणि धुरक्यातले पुष्कळसे कण साधारण याच मापाचे असतात. त्यामुळे ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. स्वच्छ हवेचा निळेपणा जाऊन आकाश पांढुरके होते ते याच कारणाने. हे कण एकाच वेळी दोन प्रकारे नुकसान करतात. ताऱ्याकडून येणारा प्रकाश ते वाटेत कमी करतात आणि शहराच्या दिव्यांचा वर गेलेला प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परत पाठवतात. तारा हा बिंदू असल्यामुळे त्याचा प्रकाश घटला तरी तो एकाच जागी एकवटलेला राहतो. दीर्घिकेचा प्रकाश मात्र मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असतो आणि तिची उजळी काळ्या आकाशापेक्षा थोडीशीच अधिक असते. काळ्या घोंगडीवर सांडलेले ताक लांबूनही दिसते, धुतलेल्या धोतरावर सांडलेले दिसत नाही. देवयानी दीर्घिका ऑक्टोबरात घोंगडीवर होती, डिसेंबरात ती धोतरावर आहे.

म्हणून या दिवसांत बिंदूंकडे वळावे. धुरक्याच्या रात्री पारदर्शकता वाईट असते, परंतु हवा थरांत निपचित बसलेली असल्यामुळे तिचे स्थैर्य बहुधा चांगले असते, आणि ग्रहांना नेमके तेच लागते. वारा सुटून आकाश झळाळते तेव्हा तारे जोरात लुकलुकतात आणि गुरूचे बिंब उकळत्या पाण्याच्या तळाशी पडल्यासारखे हलते. उलट धुरकट, थिजलेल्या रात्री गुरूचे पट्टे कितीतरी वेळ स्थिर दिसतात. शनीच्या कड्यांतली कॅसिनीची फट मला माझ्या गच्चीवरून सर्वांत स्वच्छ दिसली ती एका अशा रात्री, जेव्हा नुसत्या डोळ्यांना आकाशात जेमतेम वीस तारे दिसत होते. चंद्राची विवरे आणि जोडतारे हीही या दिवसांची निरीक्षणे आहेत. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी देवयानी तारकासमूहातलाच आल्माक हा जोडतारा पाहावा. एक सोनेरी आणि एक निळसर, असे त्याचे दोन तारे सुमारे १० विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावर आहेत. वर्धन वाढवण्यास घाबरू नये, कारण वर्धनाने आकाशाची पांढुरकी पार्श्वभूमी काळवंडते आणि तारा मात्र बिंदूच राहतो.

प्रश्न : सहावीच्या मुलांना शाळेच्या मैदानावरून ध्रुवतारा दाखवण्याचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तो दिसला नाही. 'अढळपद मिळालेला तारा कुठे गेला?' असे मुलांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. (शिक्षिका, कागल तालुका)

उत्तर : तारा आपल्या जागीच होता. ध्रुव हा फार तेजस्वी तारा आहे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्या प्रतीचा, मध्यम तेजाचा तारा आहे (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). त्यातून कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर असल्यामुळे ध्रुव येथे क्षितिजापासून साधारण १७ अंशांवरच असतो. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे १० अंश झाकते, म्हणजे ध्रुव दोन मुठींहूनही खाली आहे. उंची इतकी कमी असली की ताऱ्याचा प्रकाश हवेत तिरका शिरतो आणि डोक्यावरच्या ताऱ्याच्या जवळजवळ साडेतीन पट हवा ओलांडून आपल्यापर्यंत येतो.

याचा हिशेब मुलांना फळ्यावर करून दाखवण्याजोगा आहे. स्वच्छ हवा डोक्यावरच्या ताऱ्याचे तेज साधारण पाव प्रतीने कमी करते. त्या हिशेबाने ध्रुव २.० ऐवजी २.९ प्रतीचा भासतो आणि सहज दिसतो. धुरक्याच्या रात्री डोक्यावरच ०.७ प्रतीची घट होत असेल, तर ध्रुवाची घट २.४ प्रतींपर्यंत जाते. पाच प्रती म्हणजे शंभर पट, या प्रमाणाने ही घट सुमारे नऊ पट होते; ध्रुव ४.४ प्रतीचा होऊन गावाच्या दिव्यांत हरवतो. त्याच रात्री तेवढ्याच धुरात रोहिणी मात्र ठळक दिसते. रोहिणीचे स्थान असे आहे की ती कोल्हापूरच्या अगदी माथ्यावरून जाते. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाच्या सुमारास मुलांना मैदानावर पाठीवर निजवून 'नाकाच्या शेंड्यासमोरचा तांबूस तारा' म्हणून ती दाखवता येईल. मे महिन्यात तोच मान जवळजवळ स्वातीला मिळतो.

हा हिशेब कोल्हापूरकर एरवीही पाहत आले आहेत. अंबाबाईच्या किरणोत्सवात ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांना मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या दोन्ही बाजूंना हे दिवस जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत आणि दोन्ही वेळा सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो, म्हणून मावळण्याची दिशा तीच येते. तरी एखाद्या वर्षी किरणे चरणांपर्यंतच येऊन क्षीण होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ढगांचे किंवा हवेतल्या धुळीचे व बाष्पाचे कारण छापून येते. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या जवळजवळ ३८ पट हवेतून येतो, हे ध्यानात घेतले की थोड्याशा धुरक्याने एवढा फरक का पडतो ते कळते. ध्रुवाचे न दिसणे हा त्याच घटनेचा रात्रीचा प्रकार आहे.

ध्रुव दाखवायचाच असेल, तर एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतरची संध्याकाळ निवडावी. त्या वेळी सप्तर्षी उत्तरेला चांगले पन्नास अंशांपर्यंत वर असतात, आणि पुलह-क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा वाढवली की मुले स्वतःच ध्रुवापर्यंत पोहोचतात. मुलांच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, याची खंत बाळगू नये. ताऱ्याऐवजी हवेविषयी प्रश्न विचारावा, हे त्यांना यातूनच समजेल.

प्रश्न : मोबाइलवर हवा गुणवत्ता निर्देशांक पाहून दुर्बीण बाहेर काढायची की नाही ते ठरवतो, पण अंदाज बरेचदा चुकतो. (शाहूपुरी)

उत्तर : अंदाज चुकणे साहजिक आहे. निर्देशांक जमिनीलगतची हवा मोजतो आणि तो २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. आपल्याला हवी असते ती माथ्यापर्यंतच्या सगळ्या हवेची या घटकेची स्थिती. त्यासाठी आकाशातच मोजपट्टी आहे. हिवाळ्यात कृत्तिका घ्याव्यात. त्यांतला सर्वांत ठळक तारा २.९ प्रतीचा आहे, त्यानंतरचे ३.६, ३.७, ३.९, ४.२ आणि ४.३ प्रतींचे आहेत. अंधाराला डोळे सरावण्यासाठी वीस मिनिटे द्यावीत आणि मग किती कृत्तिका सुट्या मोजता येतात ते पाहावे. सहा मोजता आल्या तर त्या रात्री आकाश ४.३ प्रतीपर्यंत उघडे आहे. तीनच आल्या तर ग्रह आणि चंद्र यांवर समाधान मानावे. उन्हाळ्यात सप्तर्षींतला सर्वांत मंद तारा अत्री पाहावा, तो ३.३ प्रतीचा आहे. त्यापुढची कसोटी अरुंधतीची. लग्नात भटजींनी दाखवलेली अरुंधती ४.० प्रतीची आहे आणि ती वसिष्ठाशेजारी सुटी दिसली, तर त्या संध्याकाळी शहरातूनसुद्धा द्विनेत्रीने पुष्कळ काही पाहता येते.

दुसरी खूण विजेरीची. विजेरीचा झोत वर धरावा. तो काठीसारखा उभा दिसला, तर हवेत कण भरपूर आहेत. झोत दिसलाच नाही, तर आत जाऊन दुर्बीण आणावी. चंद्राभोवतीचा लगतचा पांढुरका प्रकाश आणि खळे यांत मात्र गल्लत करू नये. खळे हे चंद्रापासून सुमारे २२ अंशांवरचे मोठे वर्तुळ असते आणि ते उंच ढगांतल्या हिमकणांमुळे पडते. धुरक्याचा प्रकाश चंद्राला चिकटून असतो आणि बाहेरच्या बाजूला विरत जातो.

हे आकडे रोज वहीत उतरवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तारीख, वेळ, कृत्तिकांची संख्या आणि वाऱ्याची दिशा, एवढे चार रकाने पुरेत. माझ्या वहीत आता अनेक हंगाम जमले आहेत. पाचट पेटलेल्या संध्याकाळी कृत्तिका तीनवर येतात आणि अवकाळी पावसानंतर दुसऱ्याच रात्री सहा होतात, हे त्या रकान्यांतून कोणालाही वाचता येते.

प्रश्न : इचलकरंजीहून आकाशदर्शनासाठी पन्हाळ्याला जाण्याचा खटाटोप करावा का? (इचलकरंजी)

उत्तर : करावा, मात्र दिशा पाहून. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच आहे. थंडीत धुरक्याचा थर पुष्कळदा त्याहून खाली असतो. तटावरून पाहिले तर कोल्हापूरच्या बाजूला दुधाचे तळे साचल्यासारखे दिसते आणि त्याच्या तळाशी दिवे मिणमिणत असतात. त्या रात्री डोक्यावरचे आकाश ऑक्टोबरसारखे मिळते. शिवाजी विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्र पन्हाळ्यावर आहे, ते याच उंचीमुळे शोभते. गडावर दिवे वाढले आहेत, म्हणून गावाकडे पाठ करून पश्चिमेचे आकाश निवडावे. त्याहून काळोख हवा असेल, तर मसाई पठार किंवा गगनबावड्याचा रस्ता आहे. पठारावर एकट्याने जाऊ नये, गव्यांचा वावर असतो. दाजीपूरच्या बाजूला अभयारण्य असल्यामुळे रात्री थांबण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी.

प्रश्न : प्रकाशप्रदूषण कमी करणारा फिल्टर घेतल्यास धुरकट आकाशातून तेजोमेघ दिसतील का? (ताराबाई पार्क)

उत्तर : फिल्टर धूर गाळत नाही. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश मुख्यतः पिवळ्या रंगाच्या अरुंद पट्ट्यात असे, तो अडवणे शक्य होते. आताच्या पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो आणि तो अडवताना ताऱ्यांचाही प्रकाश जातो. मृगातल्या तेजोमेघासारख्या वायूच्या ढगांसाठी ऑक्सिजन-३ हा फिल्टर काही अंशी उपयोगी पडतो, दीर्घिकांसाठी कोणताही नाही. फिल्टरच्या किमतीत गगनबावड्याच्या चार-पाच फेऱ्या होतात.

प्रश्न : गळीत हंगामात आमच्या गच्चीवर काजळी पडते. आरशावर तिचे ठिपके आले आहेत. पुसू का? (शिरोळ तालुका)

उत्तर : पुसू नये. पाचटाच्या काजळीचा तुकडा हलका असतो; माझ्या तारकानकाशावर तो पडला की नखाएवढी काळी पापडी दिसते आणि बोटाने झटकायला गेले की तिची लांब काळी रेघ होते. आरशावर नेमके तेच घडते, फक्त तिथे रेघेबरोबर ओरखडाही उमटतो. माझ्या पहिल्या आरशावर मी मऊ सुती कापड फिरवले होते, त्याचे ओरखडे आजही आहेत. रबरी फुग्याच्या फुंकणीने तुकडे उडवावेत. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे उडतात. चार-दोन ठिपक्यांनी प्रतिमेत ओळखू येण्याजोगा फरक पडत नाही.

घाई करावी अशी एकच स्थिती आहे : काजळी पडली आणि तिच्यावर दहिवर साचले. राख ओली झाली की तिच्यातला क्षार आरशाच्या अॅल्युमिनियमच्या मुलाम्याला हानी करतो. त्या वेळी आरसा बाहेर काढून त्यावरून आधी ऊर्ध्वपातित पाणी सोडावे, मग तशाच पाण्यात सौम्य द्रव साबणाचा एक थेंब घालून त्यात भिजवलेला शुद्ध कापूस दाब न देता, स्वतःच्या वजनानेच ओढावा, पुन्हा पाणी सोडावे आणि आरसा तिरका उभा करून वाळू द्यावा. एरवी निरीक्षण संपताच नळीचे झाकण गच्चीवरच लावावे आणि मगच दुर्बीण घरात आणावी.

आपण स्वतः ऊस लावता, असे पत्रात लिहिले आहे, म्हणून आणखी एक गोष्ट लिहितो. पाचट पेटवण्याऐवजी सरीत पसरले, तर जमिनीची ओल टिकते आणि ते कुजून खत होते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. आपल्या एका शेताने तालुक्याचे आकाश स्वच्छ होणार नाही. पण आपल्या गच्चीवर पडणारी काजळी फार लांबून येत नाही.

प्रश्न : वय ६८, दम्याचा त्रास आहे. थंडीत रात्री गच्चीवर बसावे का? (उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : डॉक्टरांचे म्हणणे प्रथम. हिवाळ्यात जमिनीलगतचा धूर रात्री उशिरा आणि पहाटे दाट असतो, म्हणून त्या वेळा आपण टाळाव्यात. खिडकी बंद ठेवून तिच्या काचेला द्विनेत्री अगदी लगत धरली, तर चंद्र पुष्कळ चांगला दिसतो. दुर्बिणीच्या मोठ्या वर्धनाला काच चालत नाही, सात-दहा पटींना चालते. तारकागुच्छांसाठी पावसानंतरची ऑक्टोबरची संध्याकाळ राखून ठेवावी.

प्रश्न : मी आठवीत आहे. १३ डिसेंबरला रात्री ९ ते ११ मी उल्का मोजल्या, फक्त ९ दिसल्या. पुस्तकात तासाला १२० लिहिले आहे. कृत्तिकांमधले ४ तारे दिसत होते. माझे चुकले का? (विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

उत्तर : तुझे काही चुकलेले नाही, आणि तू कृत्तिका मोजून ठेवल्यास म्हणून मला ते हिशेबाने दाखवता येते. पुस्तकातला आकडा मिथुन राशीतल्या या उल्कावर्षावाचा, पण तो आदर्श आकाशाचा असतो : ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसत आहेत आणि उल्कांचे उगमस्थान थेट डोक्यावर आहे, असे धरून काढलेला. तुला ४ कृत्तिका दिसल्या, म्हणजे तुझे आकाश सुमारे ४ प्रतीपर्यंतच उघडे होते. एक प्रत कमी झाली की दिसणाऱ्या उल्का साधारण अडीच पटीने घटतात. अडीच प्रतींनी त्या दहा-अकरा पटींनी घटल्या, म्हणून १२० च्या अकरा उरल्या. शिवाय रात्री दहाला उगमस्थान, म्हणजे कॅस्टरजवळची जागा, पूर्वेला जेमतेम सत्तावीस अंशांवर होती. त्यामुळे अकराच्या निम्म्या, ताशी पाच. दोन तासांच्या दहा होतात आणि तू ९ मोजल्यास.

पुढच्या वर्षी १३ डिसेंबरच्या रात्री घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन एक ते तीन या वेळात बस. दोनच्या सुमारास उगमस्थान सत्तरहून अधिक अंश वर येते, तेव्हा त्याच धुरकट आकाशातून तुला जवळजवळ दुप्पट उल्का दिसायला हव्यात. चंद्र आकाशात असेल, तर तोही वहीत नोंदव. कृत्तिका या वेळेसारख्याच आधी मोज आणि दोन्ही आकडे या सदराकडे पाठव.